रेघेवरचं दूध

१

दीक्षाचं काम ऐकलं की लोक आधी हसत. म्हशीचं दूध मोजायला बी.एस्सी. कशाला लागते, असं तिच्या सख्ख्या मामानंच विचारलं होतं. तेही भरल्या पंगतीत. दीक्षानं नुसतं ताक मागितलं. मामाला संख्याशास्त्र शिकवत बसण्यापेक्षा ताक बरं.

काम असं. कसबा बावड्यातल्या अठ्ठावीस गोठ्यांपैकी प्रत्येकात महिन्यातून एक दिवस जायचं, सकाळच्या धारेला आणि संध्याकाळच्या धारेला. बादली हातातल्या डिजिटल काट्याला अडकवायची, काटा सांगेल तेवढे लिटर मोबाईलमध्ये भरायचे. पुढचं मोबाईल बघायचा. तो प्रत्येक आकड्याचा एक ठिपका मांडायचा आणि त्या ठिपक्यांच्या मधून एक वळणदार रेघ ओढायचा. म्हैस व्याली की दीड-दोन महिने रेघ घाईघाईनं चढते, माथ्यावर थोडी रेंगाळते आणि मग सावकाश उतरत राहते. म्हैस कुणाचीही असो, रेघेचा स्वभाव तोच. ती रेघ एका सूत्रानं निघते आणि ते सूत्र दीक्षाला तोंडपाठ होतं.

आणखी एक गोष्ट तिला पाठ होती. खरे ठिपके रेघेवर कधी नेमके बसत नाहीत. एखादा वर, एखादा खाली, असे सांडलेले असतात. म्हशीला ताप येतो, पेंड बदलते, कुत्रं भुंकतं. ठिपके रेघेवर तंतोतंत बसले तर समजावं की कुणीतरी घरी बसून आकडे लिहिलेत.

या सगळ्या गोठ्यांत तिचा लाडका गोठा गुंडू आण्णांचा. साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला, ऊस संपतो तिथं दोन खोल्या आणि बाजूला पत्र्याचा गोठा. माणसं दोन, आण्णा आणि त्यांची बायको शालूबाई. मुलगा पुण्याला. म्हैस एकच, हरणी. हरणीला आण्णांच्या हाताची सवय. दुसऱ्या कुणी सडाला हात लावला की ती पान्हा चोरायची, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर लाथ ठेवलेलीच.

"आज किती म्हणतीया तुजी रेघ?" आण्णा बादली गुडघ्यात धरून आतूनच विचारायचे.

"साडेचार, आण्णा."

काटा दाखवायचा चार पूर्णांक ऐंशी.

"मग सांग जा रेघंला, म्हणावं हरणीला इचारून वळत जा." आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसायचे. शालूबाई बाहेरच्या पायरीवर शेंगा फोडत बसलेल्या असायच्या. त्या म्हणायच्या, "हसा. पोरीचा चहा निवला." दीक्षाला वडील नव्हते. या दारातला चहा तिला महिनाभर पुरायचा, हे तिनं आईलासुद्धा कधी सांगितलं नाही.

२

चौदा नोव्हेंबरला सकाळची धार तिनं मोजली. आण्णा नेहमीसारखेच होते. जरा घाम आलेला, पण ते पहाटेपासून वैरण कापत होते.

दुपारी मावसबहिणीचा साखरपुडा होता, जयसिंगपूरला. चार वाजता निघून संध्याकाळची धार गाठायची असं तिनं ठरवलेलं. पण साखरपुडा कधी वेळेवर झालाय का? पाच वाजले तरी मुलाकडचे पेढे वाटतच होते. सातच्या आत आकडा भरला नाही तर अख्ख्या महिन्याची नोंद बाद व्हायची.

अशा वेळी काय करायचं, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणीच ते बोलत नसे. रेघेवर बोट ठेवायचं. मोबाईल सांगतो, आज या म्हशीनं इतकं द्यायला हवं. तो आकडा भरायचा. मुरलेली माणसं त्यात थोडं खालीवर करतात, म्हणजे खरं वाटतं. दीक्षानं आजवर असं एकदाही केलं नव्हतं. त्यामुळे तिला ती हुशारी नव्हती.

मंगल कार्यालयाच्या दारात, हातात पेढा धरून तिनं पाच वाजून वीस मिनिटांनी आकडा भरला. तीन पूर्णांक चौऱ्याऐंशी. रेघेवरचाच, जसाच्या तसा.

आण्णा त्या दिवशी दुपारी दीड वाजता वारले होते. शेताच्या बांधावर, बसल्या जागी. तिला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

३

ती गेली तेव्हा शालूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून रडून आवाज बसलेला. दीक्षाला बघून त्यांनी हात पुढं केला आणि तिचं मनगट धरून ठेवलं.  

शेजारच्या बाळाबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "काल सांच्याला काय झालं सांगू का? गडी मानसं समदी घाटावर गेलती. घरात आमी बायका. हरणी हंबराय लागली. कास तटतटलेली. पर जवळ जातंय कोण? म्या दोनदा उठलो, दोनदा बसलो. आनि मग ती आपसूक गप झाली. जाऊन बघितलं तर बादली भरल्याली. वर फेस."

"मग कुणी काढली धार?" दीक्षानं विचारलं.

"आलं असंल कोणतरी भावकीतलं. म्या तसंच दूध डेरीला धाडलं. मुकं जनावर सुतक बघतंय व्हय? घरात चहा ठेवायचं बी ध्यान कुनाला नव्हतं, समदंच गेलं."

खिडकीत डेअरीची चिठ्ठी पडली होती. दीक्षानं ती सहज उचलली. चौदा नोव्हेंबर, सायंकाळ. तीन पूर्णांक चौऱ्याऐंशी.

तिनं चिठ्ठी पुन्हा जागेवर ठेवली. योगायोग, दुसरं काय? रेघ असतेच अंदाजाला. अंदाज कधीतरी नेमका लागणारच. शंभरात एकदा लागतो. घरी येईपर्यंत तिनं स्वतःला हे चारपाच वेळा समजावलं आणि रात्रीची भाकरी तशीच ठेवली.

४

डिसेंबरात कारखान्याचा हंगाम जोरात होता, सगळ्या बावड्याला मळीचा वास येत होता. दीक्षा गेली तेव्हा शालूबाई पायरीवर शेंगा फोडत होत्या. तिला बघून त्या सरकल्या, जागा केली. गोठ्याचं दार अर्धवट लोटलेलं. आतून धारेचा आवाज येत होता. बादली रिकामी असताना येतो तो कोरडा सर्र सर्र, मग हळूहळू फेसात बुडालेला.

कुणीतरी गडी ठेवला असेल, म्हणून ती निर्धास्त बसली. आवाज थांबला. शालूबाई उठल्या, दारातूनच वाकून हात आत घातला आणि बादली बाहेर घेतली. नजर मात्र त्यांनी उसाकडं ठेवली होती.

तीन पूर्णांक दोन. रेघ म्हणत होती, तीन पूर्णांक दोन.

"मावशी, धारेला कोण ठेवलंय?"

"तू मोज बाई. इचारू नगंस."

"पण आत कोण—"

"म्या आत बघत न्हाई." शालूबाई शेंगा फोडत राहिल्या. "बघितलं आनि कोन नसलं, मग काय करू?"

 दीक्षानं घरी जाऊन काटा तपासला. मिठाचा किलोचा पुडा अडकवला, साखरेचा अडकवला. काटा बिनचूक होता. तिनं कुणा मैत्रिणीला तरी सांगायचं ठरवलं. पण सांगणार काय? की म्हैस अगदी बरोबर दूध देते?

जानेवारीत दोन पूर्णांक एकवीस. फेब्रुवारीत एक पूर्णांक सेहेचाळीस. दोन्ही वेळा ठिपका रेघेवर बसला, केसाचंही अंतर नाही. फेब्रुवारीच्या शेवटी तिचे साहेब, अमरसिंह सर, यांचा फोन आला.

"दीक्षा, मी तुला शहाणी पोरगी समजत होतो. नोव्हेंबरपर्यंत या म्हशीचे ठिपके कसे सांडल्यात बघ. आणि त्यानंतर? एकेक मोजून ठेवल्यागत! घरी बसून भरतीस काय?"

"नाही सर. सगळे मी मोजलेत." एक सोडून, असं तिच्या ओठावर आलं होतं.

"कोण मानणार? अगं, चोरीसुद्धा जरा वाकडीतिकडी करावी. व्याल्यापासून तीनशेपाच दिवस झाले, वेताचा हिशेब संपला की हे खातं बंद कर. तोवर मी काही बोलत नाही."

तिला रडू आलं ते बोलणी खाल्ली म्हणून नव्हे. सर म्हणत होते ते बरोबरच होतं. जिवंत माणसाच्या हाताखाली रेघ अशी चालत नाही.

५

मार्चमध्ये एक वेगळी गोष्ट तिच्या लक्षात आली. दूध कमी झालं होतं, एक लिटरसुद्धा नव्हतं. पण धार मात्र पूर्वीइतकाच वेळ चालली होती. एप्रिलमध्ये, जोतिबाची यात्रा झाल्यावर ती गेली, तेव्हा पावणेपाचला सुरू झालेला आवाज साडेसहालाही थांबला नव्हता. सर्र. मग खंड. मग पुन्हा सर्र.

शालूबाई मात्र उलट टवटवीत दिसत होत्या. केस नीट विंचरलेले. पोराचा पुण्याहून फोन आला होता, म्हैस आटत आली, विकून टाक म्हणून. "त्येला म्हटलं, तुज्या बापाला इचार," असं सांगून त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी दीक्षाचा मोबाईल मागितला.

"ती रेघ दाव बरं मला. आमी हितं हाय व्हय?" त्यांनी रेघेच्या उतरणीवर बोट ठेवलं. "आनि खाली कवा टेकतीया ही?"

दीक्षाला त्यांच्या प्रश्नातला प्रश्न कळला. या बाईला दुधाशी देणंघेणं नव्हतं. रेघ आहे तोवर संध्याकाळी पाचला गोठ्यात आवाज आहे, आणि आवाज आहे तोवर आपण पायरीवर बसायचं. त्यांच्या संसाराचे उरलेले दिवस त्या रेघेवर होते.

"टेकत नाही, मावशी," ती म्हणाली. तिला वाटलं, आपण आनंदाची बातमी देतोय. "सूत्रात ती कधीच शून्याला टेकत नाही. बारीक होत जाते, अजून बारीक, पण संपत नाही."

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही."

शालूबाईंचा चेहरा फुलला. अगदी नव्या नवरीसारखा, खोटं कशाला सांगू? आणि त्याच वेळी आतून आवाज आला. एकच थेंब. पत्र्याच्या बादलीत पडलेला. त्याच्यामागं कुणीतरी श्वास सोडला, लांब, थकलेला. तो म्हशीचा नव्हता. म्हशीचा श्वास दोघींनाही चांगला ओळखू येत होता.

शालूबाईंनी मोबाईल परत दिला. दीक्षा उठली. त्यांनी तिचा हात धरला नाही. ती दारापाशी गेली आणि लोटलेल्या दाराच्या फटीतून तिनं आत बघितलं.

पश्चिमेचं ऊन पत्र्याच्या भोकांतून आत आलं होतं, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसत होतं. हरणी डोळे अर्धे मिटून उभी होती. बरगड्या वर आलेल्या. बादली जमिनीपासून वीतभर वर होती, तिरकी, गुडघ्यात धरल्यावर असते तशी. सड आळीपाळीनं ताणले जात होते, सुटत होते, ताणले जात होते. आणि हरणीच्या कुशीवर, मागच्या मांडीच्या पुढं, केस दबून एक गोल खळगा पडला होता. धार काढणारा माणूस जिथं कपाळ टेकवतो, तिथं. तो खळगा हळूच हलायचा. मान अवघडली की माणूस कपाळ सरकवतो, तसा.

तिनं दार लोटलं आणि येऊन शालूबाईंच्या शेजारी बसली. 

"हायत?" शालूबाईंनी विचारलं.

तिनं मान डोलावली.

"दमल्यात?"

दीक्षा रडायला लागली.

६

मे महिन्यात तीनशेपाचावा दिवस आला. पाच वाजताही ऊन मी म्हणत होतं. शालूबाई पायरीवर होत्या, पण हातात शेंगा नव्हत्या. महिन्याभरात त्या खंगल्या होत्या. हरणीनं वैरण सोडली होती, तिच्या सडांना चिरा पडल्या होत्या. बाळाबाईंनी लावायला खोबरेल दिलं होतं. शालूबाईंनी ते दाराच्या आत सरकवून ठेवलं, आणि सकाळी वाटी अर्धी झालेली होती.

"दिवसरात चाललंय आता," त्या म्हणाल्या. "आधी दोन येळा असायचं. आता उठतच न्हाईत. राती जाग आली की ऐकतो. एक थेंब. मग बक्कळ येळ काय न्हाई. वाटतंय, सुटलं बाबा. की लगीच दुसरा."

आतून थेंब पडला. 

दीक्षानं मोबाईल काढला. मग तो मांडीवर ठेवला. सहा महिने कुणालाच न सांगितलेलं तिनं एका दमात सांगून टाकलं. "मावशी, त्या दिवशी संध्याकाळी मी इथं आलेच नव्हते. जयसिंगपुरात होते. आकडा मी रेघेवरून भरला. खोटा. आण्णा गेलेत हे मला माहीत नव्हतं, पण खोटा भरला. तेव्हापासून हे असं झालंय. मी त्यांना बांधून घातलं."

तिला वाटलं, आता या बाई आपल्याला उठवतील दारातनं. उठवायलाच हवं होतं.

शालूबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. रागानं पुसतात तसं, खसाखसा. "येडी का खुळी तू? बांधून कोन घालतंय त्येस्नी? त्येंच्या आईला जमलं न्हाई, मला जमलं न्हाई." मग म्हणाल्या, "पोरीचं खोटं पडाय नगं म्हनून आलं असतील. लई जीव हुता तुज्यावर. लेक न्हाई न्हवं आमास्नी."

आत पुन्हा श्वास सुटला. हरणीचं दावं खुंट्याला घासलं.

"आनि म्याच बसवून ठेवलं," शालूबाई म्हणाल्या. "तुजी रेघ न्हवं. म्या. रोज पाचला पायरीवर येऊन बसायची. मानूस उठंल कसा, बायकू दारात बसल्याली असताना?" त्यांनी मोबाईलकडं बोट केलं. "आज किती म्हनतीया ती?"

"अकरा. म्हणजे शून्य पूर्णांक अकरा."

"आनि म्होरल्या महिन्यात?"

"तीन-चार. मग एक. मग त्याहून कमी."

"पर काहीतरी म्हनंलच."

"म्हणणारच, मावशी."

 शालूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "शून्य लिव्ह."

दीक्षानं मोबाईल मांडीवर पालथा केला.

"लिव्ह की बाई. माज्या तोंडानं मला त्येस्नी जावा म्हनवत न्हाई. पन्नास वर्सात कवा म्हटलं न्हाई. तू लिव्ह."

तिनं शून्य दाबलं. मोबाईलनं ते घेतलं नाही. लाल अक्षरं आली, अपेक्षित आकडा शून्य पूर्णांक अकरा, कृपया तपासा. तिनं पुन्हा शून्य दाबलं. मग खाली कारणं आली. विकली. मेली. आटली. तिनं अंगठा 'आटली' वर टेकवला. नोंद कायमची बंद करायची का, मोबाईलनं विचारलं.

तिनं शालूबाईंकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली, तसं तिनं 'हो' दाबलं.

आत थेंब पडायचा होता. त्याची वेळ होऊन गेली. दोघींनी वाट बघितली. कारखान्याच्या बाजूनं एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरला, तरी आत काही वाजलं नाही. मग बादली जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, अगदी हळू, कुणी झोपलेलं असताना ठेवतात तसा. हाडं मोडल्यासारखे दोन गुडघे वाजले. माणूस फार वेळ उकिडवा बसला की उठताना वाजतात.

गोठ्याचं दार आतून उघडलं. दीक्षानं मान खाली घातली आणि पायरीच्या फरशीकडं बघत राहिली. बघायचा हक्क आपला नाही, एवढं तिला त्या क्षणी पक्कं कळलं होतं. शेजारी शालूबाईंनी पाय आवरून घेतले आणि पायरीवर अंग चोरून वाट करून दिली.

"चपल्या घाला," त्या वरच्या पट्टीत म्हणाल्या. आवाजात नेहमीचीच कटकट होती, फक्त तो मधेच चिरकला. "बांधावर काटं हायत."

गोठ्यात हरणीनं मान वळवली. ती बांधाकडच्या वाटेकडं बघत होती, आणि तिची नजर सावकाश पुढं पुढं सरकत गेली. शेवटी तिनं मान खाली घातली आणि पुढ्यातली वैरण ओढली.

शालूबाई गुडघ्यावर हात रोवून उठल्या. गोठ्यात गेल्या. या वेळी सरळ आत गेल्या, सगळीकडं बघितलं, बादली उपडी करून ठेवली. हरणीच्या कुशीवरून त्यांनी एकदा हात फिरवला, दबलेले केस नीट केले. बाहेर आल्या तेव्हा डोळे कोरडे होते.

"चल आत," त्या दीक्षाला म्हणाल्या. "चहा टाकतो. दूध न्हाई आज, कोराच घे."